चिलखताचा पावसाळा

मृगाचा पाऊस सुरू झाला की मला ठरावीक फोन यायला लागतात. "दादा, ढालीवर तांबूस ठिपके आलेत, काय लावू?" "तलवार म्यानातून निघंना झालीय." "चिलखत पेटीतून काढलं तर हाताला लाल भुकटी लागली." मी शिरोली एमआयडीसीत टूलरूमला आहे, दिवसभर डाय आणि गेजचं काम. संध्याकाळी तालमीत, तिथं मर्दानी खेळाच्या सगळ्या साहित्याची जबाबदारी माझ्यावर. त्यातूनच लोकांच्या घरातली जुनी शस्त्रं, ढाली, कधीमधी एखादं चिलखत बघायला बोलावणं यायला लागलं. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आमच्या कोल्हापूर-सातारा भागात मी जेवढं जुनं पोलाद हाताळलंय, त्यातल्या बहुतेकांचं नुकसान गंजानं कमी आणि गंज घासणाऱ्या हातांनी जास्त केलंय. हे वाचायला कडू लागेल, पण माझं मत अनुभवातून बनलंय आणि मी त्यावर ठाम आहे.

आजऱ्याकडच्या एका घरात दस्ताना बघितला होता. दस्ताना म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत हात झाकणारं पोलादी कवच. लांबून बघितला तर आरशासारखा लख्ख. आज्जी म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांपासून दर खंडेनवमीला विटकरीच्या भुकटीनं घासतोय बघ लेकरा, एक वरीस चुकवलं नाही." मी तो उजेडात तिरका धरला. मनगटापाशी बिजागरी आहे, तिच्या पट्टीखाली जिथं बोट आणि चिंधी पोचत नाही, तिथं सोन्याची वेल होती. दोन पानं आणि एक कळी, बारीक, नाजूक. बाकीच्या सगळ्या पत्र्यावर आडव्या-उभ्या फार बारीक ओरखड्यांची जाळी तेवढी उरलेली, तीही जागोजागी पुसट. ही जाळी कोफ्तगिरीची. कारागीर आधी पोलादावर सुरीनं अशी जाळी खरवडून पृष्ठभाग खरखरीत करतो, मग त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतो. जाळीच्या दातांत अडकून राहिलेलं ते सोनं केसाहून पातळ असतं. विटकरीपुढं ते किती टिकणार? आज्जींच्या घरानं तो दस्ताना पिढ्यान् पिढ्या जिवापाड जपला. जपायची जी रीत त्यांना शिकवली गेली होती, तिनंच वेल गेली. म्हणून मला हे लिहिणं गरजेचं वाटतं.

आता गंज म्हणजे काय ते थोडक्यात. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो. यातलं लोखंड आणि हवा आपल्याला टाळता येत नाही, म्हणजे हातात राहिलं ते पाणी. पाणी म्हणजे थेंबच हवा असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेली की स्वच्छ पोलादावरही दमटपणाचा न दिसणारा थर बसतो आणि गंजाचा वेग एकदम वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं आर्द्रता ८० च्या खाली क्वचितच येते. आणि पोलादावर मीठ असेल तर ६५ ची वाट बघायचीही गरज नाही, कारण मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. मीठ येतं समुद्राच्या हवेतून आणि माणसाच्या घामातून. आमच्या टूलरूममध्ये स्लिप गेजला, म्हणजे माप तपासायच्या अचूक पोलादी ठोकळ्यांना, उघड्या हातानं शिवायचं नाही हा पहिला नियम. कुणी शिवलंच आणि पुसायचं राहिलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगठ्याचा ठसा तपकिरी रंगात पोलादावर उमटलेला दिसतो. घरच्या ढालीवर पाहुण्यांचे हात फिरतात तेव्हा हेच होत असतं. म्हणून जुनं पोलाद हातात घेण्याआधी हातमोजे घाला, सुती किंवा नायट्राइलचे. एवढी एकच सवय लागली तरी निम्मं काम होतं.

इथं कुणीतरी हमखास दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला देतो, की आपल्या पूर्वजांचं लोखंड गंजतच नव्हतं. मेहरौलीचा तो स्तंभ साधारण १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे, हे खरं आणि अभिमानाचंही आहे. पण त्याचं कारण त्या लोखंडातलं जास्तीचं फॉस्फरस. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं की त्या फॉस्फरसमुळं पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ संरक्षक थर तयार झाला. चिलखताच्या कड्यांना आणि ढालीच्या पत्र्याला असलं कवच नसतं. ते गंजतंच.

पण तपकिरी दिसतंय म्हणजे गंज लागलाच असं धरू नका. हा मुद्दा माझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे. कित्येक ढाली आणि छातीचे पत्रे कारागिरानं मुद्दामच तपकिरी किंवा काळसर केलेले असतात, कारण त्या गडद जमिनीवर सोनं उठून दिसतं, आणि तो नियंत्रित थर पुढच्या गंजाला थोपवतोही. जगभर लोकांनी हेच केलंय. युरोपात चिलखताचे पत्रे तापवून निळे करायचे, काळे रंगवायचे, कथिलाचा मुलामा द्यायचे. जपानात लोखंडी पट्ट्यांवर झाडाच्या चिकाचं लाखेसारखं लेपण चढवायचे. चिलखत म्हणजे चांदीसारखं चकचकीत, ही कल्पना बरीचशी आपल्या सिनेमा-नाटकांनी आपल्या डोक्यात घातलीय. तुमच्या घरची ढाल एकसारखी, घट्ट, गुळगुळीत तपकिरी असेल तर तिला पॉलिश पेपर लावू नका. शपथ घालतो.

मग जिवंत गंज ओळखायचा कसा? पांढरी सुती चिंधी कोरडीच हलक्या हातानं फिरवा. चिंधीला केशरी भुकटी लागली तर गंज चालू आहे. काही लागलं नाही आणि पृष्ठभाग काळपट-तपकिरी, टणक असेल, तर तो थर बसलेला आहे, त्याला तिथंच राहू द्या. आणि पावसाळ्यात ठिपक्यांवर पिवळसर पाण्याचे बारीक थेंब धरताना दिसले, तर आत मीठ मुरलंय असं समजा. हे घरी हाताळायचं काम नाही, ती वस्तू संग्रहालयाच्या संवर्धन करणाऱ्या माणसालाच दाखवा.

चालू गंज काढायचा तो असा. कापसाचा बोळा पांढऱ्या स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायला वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन) बुडवून आधी जुनं तेल आणि मळ काढायचा. खिडकी उघडी, शेगडी बंद. मग पातळ मशीन ऑइल लावून काही तास मुरू द्यायचं. त्यानंतर बांबूची किंवा लाकडाची टोकदार काडी घेऊन फक्त सुटलेली पापुद्र्याची भुकटी उचलायची. फारच चिवट जागा असेल आणि तिथं सोनं, नक्षी, अक्षरं काही नाही अशी खात्री असेल, तरच सगळ्यात बारीक स्टील वूल, तेही तेलात भिजवून. केशरी गेलं की थांबायचं. खाली काळं दिसत असेल तर ते काळं घासायचं नाही. पांढरं पोलाद दिसेपर्यंत घासण्यात पोलादच जातं, आणि एकदा गेलेलं पोलाद परत आणता येत नाही.

चिलखताच्या बाबतीत हे काम वेगळं आणि कठीण. चिलखत म्हणजे कड्यांचं विणलेलं अंगरखं. प्रत्येक कडी चार शेजारच्या कड्यांतून गेलेली. भिंग लावून बघितलं तर जुन्या कडीची दोन्ही टोकं चपटी करून एकावर एक आणलेली दिसतात आणि त्यातून टाचणीच्या टोकाएवढा रिव्हेट मारलेला असतो. हजारो कड्या, त्यातल्या कितीतरी कड्यांना असा एकेक रिव्हेट, सगळं हातानं. पूर्ण अंगरख्याचं वजन दहा किलोच्या आसपास भरतं. गंज बरोबर त्या रिव्हेटच्या फटीत आणि जिथं कडी कडीला टेकते तिथं बसतो, कारण दमटपणा तिथं धरून राहतो. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, त्यामुळं फटीतला गंज फुगून रिव्हेट ढिला करतो. कडी उघडते आणि शेजारच्या कड्यांवर ताण येतो. म्हणून चिलखत कधीही खिळ्याला किंवा हँगरला टांगून ठेवू नका. सगळं वजन खांद्याच्या कड्यांवर येतं आणि तिथून फाटायला सुरुवात होते. सपाट फळीवर धुतलेलं कापड अंथरून त्यावर पसरून ठेवायचं, बाह्यांच्या आत आम्लरहित टिश्यू पेपरच्या सैल गुंडाळ्या घालायच्या.

काही चिलखतांत पोलादी आणि पितळी कड्या आलटूनपालटून घालून नक्षी विणलेली असते, त्याला गंगाजमुना म्हणतात. दिसतं देखणं, पण पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये दमटपणा असला की लोखंड झपाट्यानं झिजतं. एका गंगाजमुना तुकड्यावर मी पितळी कड्या जशाच्या तशा आणि त्यांना टेकणाऱ्या लोखंडी कड्या सुताएवढ्या बारीक झालेल्या बघितल्यात. असं चिलखत घरी असेल तर ते कोरडं ठेवण्यात अजिबात हयगय नको.

आता खंडेनवमी. शस्त्रपूजेबद्दल मला अपार आदर आहे, आमच्या तालमीत ती सगळ्यात मोठी पूजा. पण ओलं हळदकुंकू, पंचामृत, कापलेलं लिंबू आणि झेंडूचा रस हे चारही उघड्या पोलादाला खातात. लिंबाच्या फोडीचा गोल डाग दुसऱ्या दिवशी पुसून जात नाही, तो पोलादात कोरला गेलेला असतो. आम्ही तालमीत आता असं करतो: पूजेच्या आधी शस्त्राला मेणाचा हात, मग पात्यावर विड्याचं पान, आणि हळदकुंकू, अक्षता, फूल सगळं त्या पानावर. लिंबू शेजारी ताटात. पाणी शिंपडायचं ते भोवती. त्याच संध्याकाळी सगळं उतरवून कोरड्या चिंधीनं पुसून पुन्हा मेण. वस्तादांना आधी विचारलं, ते म्हणाले, "देवाला शस्त्र राहिलेलं आवडंल का गेलेलं?" त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

तेलाचं विचाराल तर घरोघरी खोबरेल लावतात. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण कालांतरानं ते खवट होतं, त्यातली आम्लं पोलादावर उठतात आणि धूळ चिकटून चिकट मळ तयार होतो. जवसाचं तेल तर लावूच नका. ते वाळून कडक पापुद्रा होतं आणि कड्यांच्या फटीतून निघता निघत नाही. शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल चालतं, पण वर्षातून दोनदा तरी पुसून नवीन लावावं लागतं. डब्ल्यूडी-४० च्या डब्याबद्दल सगळे विचारतात. १९५३ मध्ये अमेरिकेत ते बनवलं गेलं ते पाणी हुसकून लावण्यासाठी, नावातला डब्ल्यूडी तोच, वॉटर डिस्प्लेसमेंट. पावसात भिजलेल्या तलवारीतून पाणी काढायला ते उत्तम, पण त्याचा थर फार पातळ, वर्षभर राखण करायचं काम त्याचं नाही.

माझी पसंती मेणाला. मायक्रोक्रिस्टलाइन मेण, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं बारीक कणांचं मेण, जगभरातली संग्रहालयं वापरतात तेच. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून निघालेलं रेनेसान्स वॅक्स आपल्याकडं ऑनलाइन मिळतं. महाग वाटतं, पण नखाएवढं मेण एका ढालीला पुरतं. पोलाद हेअर ड्रायरनं किंचित कोमट करायचं, मऊ सुती कापडानं अगदी पातळ हात फिरवायचा, दहा मिनिटांनी दुसऱ्या कापडानं पुसून घ्यायचं. हाताला चिकट लागता कामा नये. मधमाश्यांचं मेण वापरू नका, त्यात स्वतःचीच आम्लं असतात. चिलखताच्या कड्यांत मात्र मेण नीट पोचत नाही, तिथं पातळ तेलच बरं, बोळ्यानं लावून जास्तीचं टिपून घेतलेलं.

चिंच, लिंबू, बाजारातली गंज काढायची द्रावणं यांबद्दल: जुन्या पोलादाला नाही म्हणजे नाही. आम्लानं गंज जातो तसंच खालचं पोलादही जातं. त्यातही कडक केलेल्या पोलादाला आम्ल लागलं की हायड्रोजन आत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. आमच्याकडं कडक स्प्रिंगला मुलामा दिला की लगेच भट्टीत तापवून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो, नाहीतर ताण पडताच स्प्रिंग काडकन तुटते. तीनशे वर्षांच्या तलवारीच्या पात्याला हे कशाला भोगायला लावायचं? हिरड्याचं पाणी मात्र वेगळं. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी मिळून काळा, पाण्यात न विरघळणारा थर बनवतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे ती याच गुणानं. वाड्याच्या दाराच्या बिजागऱ्या, खिळे, तोफगोळे यांना ते चांगलं. नक्षी असलेल्या ढालीला किंवा जौहर (पोलादातच उमटलेली लाटांसारखी नक्षी) दिसणाऱ्या पात्याला लावू नका, सगळं काळं होऊन बसेल.

ठेवायची जागा. चामड्याच्या आणि मखमलीच्या म्यानात तलवार वर्षभर ठेवायची नसते, ती दाखवायला आणि मिरवायला. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि मखमलीखालचा गोंद दोन्ही दमटपणा धरतात. दस्तान्याचं आणि शिरस्त्राणाचं कापशी अस्तरही तसंच. अस्तर जुनं असेल तर काढू नका, तेही मूळ वस्तूचा भाग आहे. फक्त ती वस्तू बाकीच्यांपेक्षा जास्त कोरड्या जागी ठेवा. कोरा मांजरपाट तसाच गुंडाळू नका, त्यात खळ असते. दोनतीनदा गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा, मगच वापरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसतं बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, आतला दमटपणा आतच राहतो आणि थंडीत त्याचं पाणी होतं. घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात भरपूर सिलिका जेल आणि आकडा दाखवणारं छोटं आर्द्रतामापक, एवढ्यात काम भागतं. आकडा ५० च्या खाली ठेवा. सिलिका जेलचे नारिंगी दाणे घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, घरात लहान मुलं असतील तर ते नकोत. आम्ही कारखान्यात बेअरिंग गुंडाळतो तो व्हीसीआय कागदही (गंज रोखणारी वाफ सोडणारा) नुसत्या पोलादाला फार उपयोगी, पण गंगाजमुना चिलखताला घ्यायचा तर पितळालाही चालणारा प्रकार विचारून घ्या, काही कागदांच्या वाफेनं पितळ काळवंडतं.

कोरड्या हवेचं मोल कळायचं असेल तर अदोनीची (आजच्या आंध्र प्रदेशातला किल्ला) चिलखतं आठवावीत. १६८९ च्या सुमारास बिकानेरचे महाराजा अनूपसिंह यांनी अदोनीच्या मोहिमेतून दख्खनी चिलखतांचा मोठा साठा आपल्या गडावर नेला. त्यांवर बारीक टिंबं ठोकून देवनागरीत नोंदी केल्या. ती चिलखतं आज न्यूयॉर्क आणि इंग्लंडच्या संग्रहालयांत आहेत आणि त्या नोंदी अजून वाचता येतात. दख्खनचं पोलाद दख्खनच्या पावसातून निघून थरच्या वाळवंटाच्या कडेला इतकी वर्षं पडून राहिलं, त्याचा यात मोठा वाटा असणार असं मला नेहमी वाटतं. आपल्याकडं राहिलेल्यांच्या वाट्याला किती मृग आणि किती आषाढ आले, ते आपल्याला माहीत आहे.

मिरवणुकीसाठी नवीन बनवलेली चिलखतं असतील, साध्या तारेच्या कड्यांची, तर तिथं एवढं जपायला नको. शिवजयंतीला पोरं घामाघूम होऊन येतात. त्याच रात्री चिलखत गरम पाण्यात साबण घालून खळखळून धुवा, झटका, ड्रायरनं किंवा उन्हात पूर्ण वाळवा आणि तेल द्या. गंज धरला असेल तर गोणपाटात भाताचं कोरडं तूस आणि थोडं तेल घालून चिलखत त्यात टाका, तोंड बांधा आणि दोघांनी धरून अर्धा तास हलवा. पूर्वी युरोपात पिंपात वाळू घालून चिलखत गडगडवत, त्याच जातीचा हा उपाय. जुन्या चिलखताला हा प्रयोग करायचा नाही.

आणि कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी फोटो काढा. खोली अंधारी करून एकाच बाजूनं, अगदी पत्र्याला घासून टॉर्चचा उजेड टाका. ढालीची आतली बाजू, चिलखताच्या गळ्याची पट्टी, पात्याचा मुठीजवळचा भाग या जागा आधी बघा. टिंबांनी ठोकलेली अक्षरं अशा तिरक्या उजेडातच दिसतात, समोरून बघितलं तर गंजाचे खड्डे वाटतात. काही दिसलं तर शेजारी पट्टी ठेवून जवळून फोटो घ्या आणि त्या जागेला तेलाचा बोळासुद्धा लावू नका. मोडी किंवा फारसी वाचणाऱ्याला फोटो दाखवून घ्या, मगच पुढचं काय ते ठरवा.